बटण स्क्रीनच्या बाहेर

वाशीमच्या ऑनलाइन सेंटरात माझ्यापुढं वच्छलाबाई. पोरीच्या नर्सिंग फॉर्मची आज शेवटची तारीख. कम्प्युटरवर गणेश.

"मावशी, सबमिटचं बटणच दिसून नाही राह्यलं."

"काहून?"

"ग्राफिक्स कार्ड जुनं हाय. कम्प्युटरमधलं लिनक्स त्याले ओळखतच नाही. सारं मोठं झालं न् बटण स्क्रीनच्या खाली गेलं."

"मंग लहान कर ना, बापू."

"लहान करायचं बटणही खालीच गेलं."

"अवं माय! आता?"

"कीबोर्डवरून अंदाजानं दाबतो. पह्यलं सबमिट, दुसरं रद्द."

"पक्कं?"

"नाहीतर उलटं."

"थांब! पोरीचं साल वाया जाईन!"

"दाबलं."

"काय आलं?"

"'आपला अर्ज' एवढंच दिसते. बाकीचं खाली हाय."

वच्छलाबाई वाकल्या. मागची अख्खी रांग वाकली.