तिजोरी उघडंना

इंदापूरच्या स्टँडवर लासुर्ण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या रंगूबाईंच्या शेजारी एक नणंद-भावजय मोबाईलवरच्या खुनाच्या तपासाच्या खेळात डोकं घालून बसल्या होत्या.

“वैनी, बंगल्यातली तिजोरी अजून उघडली न्हाय?”

“कुठं गं छकुले! घड्याळाचे काटे फिरवले, गालिचा उचलला, दिसंल तितं बोट दाबलं. काय बी होईना.”

“यूट्यूबवर उत्तर असतंय की.”

“मग खुनी शोधायला आपण कशाला?”

“ते बी खरं. लग्नाआधी एका किल्लीपायी आपण टोपलंभर भाकरी करपवल्या हुत्या.”

“सासरी खेळतीस का?”

“एकटीचं डोकं चालत न्हाय गं. उद्या फोन करती. माझ्याबिगर उघडू नकोस.”

डाळजची गाडी आली आणि छकुली खिडकीतून हात हलवत गेली. भावजय शेळगावच्या गाडीसाठी परत बाकावर येऊन बसली. रंगूबाईंना राहवेना.

“खुनी कोण असंल गं?”

“माळी, आजी. कवाच सापडला.”

“आन् तिजोरी?”

“ती बी उघडली हुती. म्या खेळ पुन्हा पहिल्यापासनं लावलाय.”

“आगं, मग त्या पोरीला खोटं का सांगितलंस?”

“तिजोरी उघडली का म्हणून रोज फोन येतोय तिचा, आजी.”