रफिकचाचांच्या दुकानातल्या सीटा

अरे, आमच्या सुध्याच्या सीटांचं सांगितलं नाही का तुम्हाला? ऐका मग! नाशिकच्या या सुध्याकडे दोनच माणसांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. नवी असताना कुणी मुद्दाम मागितल्या, तर तिला रेसिंगच्या सीटा बसवून मिळायच्या, माणसाला दोन्ही बाजूंनी घट्ट धरणाऱ्या. सुध्या वर्षानुवर्षं त्याच शोधत होता. आणि सापडल्या कुठे? मालेगावात! रिक्षांच्या सीटा शिवणाऱ्या रफिकचाचांच्या दुकानात! एका सीटवर बसून चाचा मशीन चालवत होते, दुसरीवर गिऱ्हाईक चहा पीत होतं.

सुध्या माझा दंड आवळून म्हणाला, "ओरिजिनल लेदर आहे रे!"

चाचा म्हणाले, "ले जाव ना. पण आज नाय, उद्या या."

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो घेऊन हजर. सीटा तयार होत्या. लालभडक नवं रेक्झिन, कडांना पांढरी पायपिंग, वरून प्लास्टिक!

"चाचा, हे काय केलंत?"

"मग फाटकी सीट देऊ गिऱ्हाईकाला? दुकानाचं नाव जाईल ना."

"आणि जुनं लेदर?"

"लय मऊ होतं. फेकवेना." चाचांनी दाराशी लावलेल्या आपल्या सायकलकडे बोट दाखवलं. तिच्या सीटला नवंकोरं कव्हर होतं.

सुध्या आजही लाल रेक्झिनवर बसतो. त्या ओरिजिनल रेसिंग लेदरवर अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस बसतो, आणि तो पायडल मारतो!