नळावर अर्धाच वाजलेला निरोप

मी, तेजस पोपट ओव्हाळ, वय २३, शिक्षण अकरावीपर्यंत, धंदा मिळेल तो, राहणार येरवडा, पुणे, समक्ष हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देतो की, हा जबाब कालच द्यायचा होता. खडकीला चहाला गेलो, तिथून मित्राने पुढे कुठेतरी नेलं आणि लिहायचं राहिलं. टाळलं म्हणा हवं तर.

आमच्या वस्तीत काविळीची साथ आहे. दवाखान्याचं पत्रक कोणी वाचत नाही, म्हणून आम्ही पोरापोरींनी गल्ल्या वाटून घेतल्या. प्रज्ञेश बनसोडे त्यातली माहिती मोबाईलवर बोलून ग्रुपवर पाठवतो. ज्याने त्याने ते आपापल्या नळावर स्पीकर जोडून ऐकवायचं. आधी मीही बोलून पाठवायचो. माझं लागलं की बायका म्हणायच्या, "आवर रे, हंडा भरू दे." प्रज्ञेशचं लागलं की नळ बंद करून ऐकतात. आवाज काही एवढा भारी नाही त्याचा.

रविवारी सकाळी मी त्याचं बोलणं लावलं. सुरुवात अशी : "मावशी, आत्या, टाकीत कुणीतरी विष कालवलंय, असं फिरतंय." पुढे तो म्हणतो, हे साफ खोटं आहे, पाणी उकळून प्या. पण त्याआधीच शेजारी उभी असलेली निकिता म्हणाली, "किती जीव लावून बोलतो ना हा!" निकिता आमच्याच ग्रुपमधली. माझी ती कोणी लागत नाही. तिथेच स्पीकर बंद झाला.

विष एवढंच ऐकून लोक टाकीकडे धावले. रेटारेटीत शेजारच्या वेणूबाई पडल्या, त्यांचा हात मोडला. अफवा पसरवली म्हणून आपण पोलिसांनी प्रज्ञेशला चौकीत आणून बसवलं आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल होणार, असं कळलं.

स्पीकरची बॅटरी संपली, असं मी त्या दिवशी तोंडी सांगितलं होतं. बॅटरी भरलेली होती. बटण मी दाबलं. साहेबांनी कारण विचारलं. निकिताने माझ्या बोलण्यावर आजवर साधा अंगठाही पाठवलेला नाही. याउपर मला काही सांगायचं नाही. प्रज्ञेशचं पूर्ण बोलणं माझ्या मोबाईलमध्ये आहे. मोबाईल जमा करतो.

हे सगळं हवालदार शैला मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिलंय ते खरं आहे, कोणी बळजबरी केलेली नाही.

सही करणार तेवढ्यात दारात वेणूबाई, हात गळ्यात अडकवलेला.

साहेब म्हणाले, "या आजी. तक्रार द्यायचीय?"

"तक्रार कसली! प्रज्ञेशचं पुढचं ऐकायला आलेय. पाणी प्यायचं का नाय?"