खिडकीची बाजू

पनवेलजवळ कोन गावच्या पेट्रोल पंपावर चारुता स्कूटरमध्ये हवा भरायला थांबली होती. पुढे भाड्याची कॅम्पर व्हॅन उभी होती. आत पलंग, शेगडी, खिडक्यांना पडदे. साठीतलं एक जोडपं व्हॅनच्या दाराशी बोलत होतं आणि चारुताचे कान आपोआप तिकडे लागले.

"आज दौलताबादचा किल्ला, उद्या खुलताबाद आणि पैठण. खूश ना, ताहिरा?"

"फिजाचे अब्बा, सव्वीस वर्षं तो किल्ला फळ्यावर काढून पोरांना शिकवला. माझा खंदक बरोबर होता का, ते तरी कळेल."

"दर सुट्टीत नेतो म्हणायचो मी."

"कुवेतहून यायचात महिनाभर. त्यात घर पाहुण्यांनी भरलेलं."

"आता कायमचा आलोय ना? बरं, पलंगावर खिडकीची बाजू कोणाला?"

"मला. आणि तुम्ही हल्ली घोरता का हो?"

"तुला माहीत नाही?"

"कसं असणार? आल्यापासून हॉलमध्ये झोपताय."

"तुझी झोपमोड नको म्हणून."

"मला विचारलंत?"

"नाही विचारलं. चुकलंच. घाटाच्या आधी थांबून चहा करतो तुला. साखर दोन चमचे ना?"

"साखर सोडून सात वर्षं झाली."

"या अल्ला! मग काल मी दिलेला चहा?"

"प्यायले. तुम्ही पहिल्यांदाच केला होतात."

व्हॅनच्या चारही चाकांत हवा भरून झाली. पंपावरच्या माणसाने चारुताला पुढे बोलावलं, तरी ती जागची हलली नाही.

"फिजाचे अब्बा, गाडी आणखी दोन दिवस, सोमवारपर्यंत ठेवता येईल का? विचारा ना."