गुरुनाथच्या फ्रीझरमधली दोन पाकिटं

आदरणीय अध्यक्षा सुनेत्राकाकू, व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे सत्कारमूर्ती गुरुनाथ आणि शुभावहिनी, मंडळाचे पदाधिकारी, बेलव्ह्यूहून आणि तळ्यापलीकडून मुलाबाळांसह आलेले माझे मराठी बंधू आणि भगिनी, आणि मागच्या खुर्च्यांवर "हाऊ लाँग विल ही टॉक?" असं आईला विचारणारी आमची पुढची पिढी,

सर्वांना सविनय नमस्कार.

मघाशी काकूंनी मला बाजूला घेऊन बजावलं. "परीक्षित, दहा मिनिटं. राजकारण नको. आणि त्या तुमच्या बिअरवर तर अजिबात नको, मुलं आहेत." काकू, राजकारण सोडलं. दहा मिनिटं पाळीन. तिसरी अट मात्र मला पाळता येणार नाही. गुरुनाथबद्दल बोलायचं आणि बिअर वगळायची, तर उरतं काय? एक डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर. त्याचा सत्कार त्याच्या कंपनीनं करावा. पण कंपनीनं ग्रीन कार्डची फाईल वेळेवर पाठवली नाही, व्हिसाची सहा वर्षं भरली, आणि आता हा गृहस्थ पुढच्या शनिवारी बायको-मुलीसह बर्मिंगहॅमला चालला आहे. तेव्हा निरोप आपणच द्यायचा. या हॉलमध्ये मद्याला परवानगी नाही, म्हणून पेल्यांत लिंबाचं सरबत आहे. काकूंनी स्वतः चाखून खात्री केली आहे. मीही केली. मी संशयी माणूस आहे.

हे मी गमतीनं म्हणत नाही. आज मला याच स्वभावाबद्दल बोलायचं आहे. तीन महिन्यांपूर्वी मंडळाच्या मेलिंग लिस्टवर, सत्तेचाळीस कुटुंबांना जाईल असं एक पत्र मी लिहिलं. शेवटचं वाक्य होतं, "जाणारा माणूस जाता जाता आपला फ्रीझर साफ करून चालला आहे." नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरज होती का? त्या पत्राचा हिशेब मिटवल्याशिवाय मी या माईकपासून हटणार नाही.

ज्यांना आमचा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच वर्षं दर शनिवारी गुरुनाथच्या गॅरेजमध्ये आम्ही सहा जण बिअर बनवतो. घरच्यापुरती, कायद्यात बसते तेवढी. सातूला मोड आणून ते वाळवायचे, भाजायचे, ते गरम पाण्यात भिजवून गोड अर्क काढायचा, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं टाकून उकळायचं, आणि निवल्यावर यीस्ट. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीत आमच्या गॅरेजचे दोन देश झाले. गुरुनाथ इंग्लंड, मी अमेरिका.

गुरुनाथ इथं यायच्या आधी चार वर्षं बर्मिंगहॅमला होता. त्याचं म्हणणं, बिअर तळघराइतपत गार असावी, बर्फासारखी नव्हे. फेस कमी, चढ कमी, हातपंपानं ओढून पेल्यात घ्यावी आणि गप्पा संपेपर्यंत पुरवावी. मी म्हणायचो, म्हणजे कोमट आणि बसलेली. तो म्हणायचा, "तुला गार लागते, कारण तुमच्या बिअरची चव लपवायची असते."

त्याचा वार अर्धा खरा होता, हे मी आज कबूल करतो. या देशानं तेरा वर्षं दारूबंदी केली. ती उठली तेव्हा लहान कारखाने मेले होते. जे मोठे उरले त्यांनी मका आणि तांदूळ घालून पिवळं पाणी विकलं आणि त्यालाच बिअर म्हणायला लोकांना शिकवलं. पण पुढं काय झालं? १९७८ साली घरी बिअर करायला कायद्यानं मोकळीक मिळाली, आणि गॅरेजांतून बंड सुरू झालं. आपल्याच राज्यात, यॅकिमाच्या खोऱ्यात, मैलोगणती हॉप्स पिकतात. त्यातल्या कॅस्केड जातीच्या फुलाचा वास घ्या. पपनसाची साल सोलल्यासारखा! त्या बंडातून जी बिअर आली ती अमेरिकेची खरी. मी तिच्या बाजूचा.

आणि इंग्लंडवर माझा संशय जुना आहे. 'इंडिया पेल एल' या नावातला इंडिया कोण, सांगा? ती बिअर इंग्लंडातल्या बर्टन गावात बनायची, जहाजानं आपल्याकडे यायची, आणि प्यायचे साहेब. आपल्या वाट्याला लेबलावरचं नाव. ती खास लांबच्या प्रवासासाठी शोधून काढली, ही गोष्ट प्रत्येक पुस्तकात त्याच त्या शब्दांत सापडते, म्हणूनच मला ती खोटी वाटते. हे सगळं मी गुरुनाथला दर शनिवारी ऐकवलं. तो ढवळत राहायचा. एकदा म्हणाला, "परीक्षित, पाणी उकळतंय तोवर साम्राज्य खाली ठेव आणि ती गाळणी दे."

संशयाचं पहिलं प्रकरण त्याच काळातलं. एके शनिवारी मी लवकर पोचलो, तर हा पाण्यात चमच्यानं पांढरी पूड टाकतोय. मी दारातच थांबलो. "काय घालतोयस?" "जिप्सम." "प्लास्टरची मूर्ती करायचीय?" त्यानं शांतपणे सांगितलं की बर्टनच्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरातून येतं, म्हणून तिथल्या बिअरचा कडवटपणा स्वच्छ लागतो, आणि बेलव्ह्यूचं पाणी फार मऊ आहे. मी घरी जाऊन तीन पुस्तकं तपासली. खरं निघालं. तरी पुढचे दोन महिने मी त्याच्या चमच्यावर नजर ठेवून होतो.

शुभावहिनी, हसू नका, तुम्ही पाहिलंय ते.

आता आमच्या स्पर्धेबद्दल. वर्षातून एकदा दोन्ही पंथांच्या बाटल्या कागदी पिशव्यांत घालून, नंबर टाकून, न सांगता चाखायच्या. कुठल्या नंबरात काय, हे फक्त धम्मदीपला ठाऊक. धम्मदीप पंचशील पाळतो, थेंबही घेत नाही, पण शनिवारच्या गप्पांना येतो. त्याच्याइतका निःपक्षपाती पंच आम्हाला मिळाला नसता. बक्षीस म्हणजे शुभावहिनींनी पुण्याहून आणलेला स्टीलचा पेला. आपल्या घरांत भांड्यांवर नावं घालतात तसं जिंकणाऱ्याचं नाव आणि साल त्यावर घालायचं. या वर्षी गुरुनाथ जाणार म्हणून स्पर्धा मार्चमध्ये घेतली.

त्याआधीच्या हिवाळ्यात हॉप्सची टंचाई आली, तुम्ही पेपरात वाचलं असेल. दुकानदार गिऱ्हाइकाला मोजून दोन पाकिटं द्यायचा. आम्ही ठरवलं, सगळ्यांची पाकिटं गुरुनाथच्या फ्रीझरमध्ये एकत्र ठेवायची आणि विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. जानेवारीत मी माझी बिअर घातली. माझ्या अपार्टमेंटमध्ये हे चालत नाही, म्हणून तीही त्याच्याच गॅरेजमध्ये. माझा हात सढळ, कॅस्केड होतं नव्हतं ते उकळतानाच संपवलं. फ्रीझरमध्ये उरली इंग्लिश गोल्डिंग हॉप्सची दोन पाकिटं. ती गुरुनाथच्या शेवटच्या बिअरसाठी, असं सर्वानुमते ठरलं होतं.

चौथ्या दिवशी नागपूरहून फोन आला. वडील आयसीयूत. मिळालं त्या विमानानं मी निघालो. तीन आठवड्यांनी, वडील घरी आल्यावर, परतलो. गॅरेजमध्ये गेलो तर माझी बिअर बाटल्यांत भरून, झाकणं लावून तयार. मी आभार मानले का? मी फ्रीझर उघडला. रिकामा!

"गोल्डिंग कुठं गेले?"

"वापरले."

"कशात?"

"बिअरमध्ये."

"कुठल्या?"

"चांगल्या."

पुण्याचा माणूस. याहून जास्त बोलेल कशाला? मी गॅरेजभर पाहिलं. त्याची स्वतःची एकही बरणी भरलेली नव्हती. बिअर केलेली नाही, हॉप्स गायब, आणि माणूस देश सोडून चाललाय. माझ्यासारख्या माणसाला आणखी पुरावा लागतो का? त्या संध्याकाळी मी ते पत्र पाठवलं. सत्तेचाळीस घरांत गेलं. त्यातल्या काही घरांनी गुरुनाथला जेवायला बोलावणं बंद केलं, हे मला नंतर कळलं. त्याच्या इशितानं बाबाला विचारलं, "बाबा, डिड यू स्टील समथिंग?" हेही नंतर कळलं. पत्रावर गुरुनाथनं लिस्टवर खुलासा केला नाही. मी तीच कबुली धरली.

मार्चमध्ये स्पर्धा झाली. गुरुनाथ म्हणाला, "या वर्षी माझी बाटली नाही." मी मनात म्हटलं, हरण्याची भीती. माझी बिअर पहिली आली. पाच वर्षांत कुणाला मिळाले नव्हते इतके गुण. एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "पपनस कमी, मध जास्त, वास फार सुंदर." त्यावर मी वीस मिनिटं बोललो. अमेरिका आता प्रौढ झाली, म्हणालो! पेल्यावर नाव घातलं. गुरुनाथनं टाळ्या वाजवल्या. ज्या माणसाचा पाण्यावर संशय, पुडीवर संशय, मित्रावर संशय, त्याला स्वतःच्या कौतुकावर मात्र संशय आला नाही.

गेल्या रविवारी मी धम्मदीपला गाठलं. निरोपाआधी दुसरं पत्र लिहायचं होतं आणि त्याला साक्षीदार हवा होता. मी विचारलं, "ती दोन पाकिटं कुठं गेली, तुला ठाऊक आहे?"

तो म्हणाला, "भाऊ, विचारू नका."

"का?"

"विचारलंत तर मला खोटं बोलता येणार नाही. शीलं पाच आहेत. तुम्हाला माझं दारूचं तेवढं लक्षात राहतं."

मी विचारलं. आणि त्यानं सांगितलं.

अमेरिकन बिअरला हॉप्स दोनदा लागतात. एकदा उकळताना, आणि दुसऱ्यांदा आंबून झाल्यावर, थंड बिअरमध्ये, वासासाठी. दुसऱ्या खेपेला मी हॉप्स राखलेही नव्हते, कुणाला सांगितलंही नव्हतं, आणि वडिलांच्या आजारपणात ते साफ विसरलो. तशीच भरली असती तर माझी बिअर मुकी राहिली असती. गुरुनाथनं आपली दोन पाकिटं माझ्या बरणीत रिकामी केली. त्याची शेवटची बिअर झालीच नाही. धम्मदीप म्हणाला होता, परीक्षितला फोन करून विचारू. तर हा म्हणाला, "ज्याचा बाप आयसीयूत आहे, त्याला हॉप्सचं काय विचारायचं?" आणि मी परतलो त्याच संध्याकाळी माझं पत्र आलं. त्यानंतर खरं सांगणं म्हणजे मला सत्तेचाळीस घरांसमोर उघडं पाडणं. ते त्यानं केलं नाही.

मी घरी येऊन नेहमीप्रमाणे पुस्तकं काढली. तिथं आणखी एक थप्पड. माझं कॅस्केड, माझं अमेरिकन कॅस्केड, ज्या रोपांच्या संकरातून झालं त्यांत इंग्लिश फगल हॉप्स आहेत. पाच वर्षं मी ज्या घराण्याशी भांडलो, माझं फूल त्याच घराण्यातलं.

म्हणून आज, जे सत्तेचाळीस घरांत लिहिलं ते सत्तेचाळीस घरांसमोर मागे घेतो. गुरुनाथनं काहीही नेलेलं नाही. जे होतं ते त्यानं माझ्या बिअरमध्ये ओतलं. ज्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याला जेवायला बोलावलं नाही, त्यांच्याकडे पुढच्या शनिवारपर्यंत सहा संध्याकाळी आहेत. आणि इशिता, यू आस्क्ड बाबा अ क्वेश्चन. उत्तर मी देतो: नो. काका वॉज राँग.

एक संशय मात्र मी सोडणार नाही. गुरुनाथ, खरं सांग, हे तू मैत्रीखातर केलंस की इंग्लिश हॉप्स श्रेष्ठ हे सिद्ध करायला?

...ऐकलंत का? म्हणतो, "दोन्ही." बसा आता.

काकू, दहाची वीस मिनिटं झाली, दिसतंय मला. संपवतो. मंडळाचे, काकूंचे आणि सरबत करणाऱ्या अपर्णावहिनींचे मनापासून आभार. धम्मदीप, तुझेही.

शुभावहिनी, हा तुमचा पेला. तुमच्याबरोबर जाऊ द्या. 'परीक्षित, २००८' हे मागच्या महिन्यात घातलं होतं. आज सकाळी त्याच्या आधी 'गुरुनाथ' घातलं. जागा थोडी होती, आणि नावं कोरायचं मशीन चालवायची मला सवय नाही. अक्षरं दाटीनं आणि वाकडी आली आहेत. माझ्या बोलण्यातलं आणि त्या पेल्यावरचं, जे जे वाकडं झालं असेल, ते सांभाळून घ्यावं.

नमस्कार.