आतूनसुद्धा धुतलेली नळी

(बोट नुकतीच काठाला लागली आहे. पाणबुड्यांची सामानखोली. सासू, तिला बुडी मारायला शिकवणारी सून आणि सामानाची देखभाल करणारे मिस्त्री.)

सासू : आणि ते कासव माझ्याकडेच बघत होतं गं. तुझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

सून : आई, बोलता बोलता तो वेटसूट उलटा करा. घाम नि मीठ सगळं आतल्या बाजूला असतं.

सासू : करतेय. बासष्टाव्या वर्षी माणूस आनंदानं थरथरतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सून : थंडीनं थरथरताय. टॉवेल घ्या.

सासू : आनंदानंच. तुझा नवरा म्हणेल, आई, थापा मारू नकोस. फोटो काढलेस ना?

सून : अकरा काढले. दहांत नुसते तुमचे पाय आलेत.

सासू : चालतील. पाय समुद्रात आहेत ना, बास झालं.

मिस्त्री : ताई, तोंडासारखे हातही चालू द्या जरा. जॅकेटमधलं पाणी काढलंत?

सासू : धुतलं की चांगलं खळखळून.

मिस्त्री : बाहेरून धुतलंत. पातेलं काय नुसतं बाहेरून घासता? आत हवेची पिशवी असते, त्यात खारं पाणी शिरतं. उलटं धरा. नळी खाली. आता दाबा ते बटण. हां.

सासू : अगो बाई, तांब्याभर निघालं की. एवढं ओझं पाठीवर घेऊन हिंडत होते मी?

मिस्त्री : आता आतून गोडं पाणी फिरवा, सगळं काढून टाका नि सावलीत टांगा. उन्हात नको, रबर तडकतं.

सासू : टांगलं. आता ही श्वासाची नळी. इथं तुम्ही येऊ नका हो मिस्त्री. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं नळ्या धुतल्यात मी. माझ्या हातची नळी मोठे डॉक्टरसुद्धा तपासत नसत.

मिस्त्री : बरं बाई. मी हवेच्या टाक्या मोजून येतो. धुऊन झालं की फळ्यावर सही करा. इथला नियम ठाऊक आहे ना? जो बुडी मारतो तो धुतो. सहीनंतर सामानात खोट निघाली, तर तो दुसऱ्या दिवशी काठावर. मग तो मालक का असेना.

सासू : उद्या काठावर बसते होय मी. उद्या शेवटची बोट.

सून : उद्याची चौथी बुडी झाली की तुमचं प्रमाणपत्र हातात. नाहीतर चार महिने खोळंबा. पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवतात.

सासू : प्रमाणपत्र मी दिवाणखान्यात लावणार आहे. तुझ्या नवऱ्याच्या पदवीच्या वर. हं, झाली नळी चकाचक. ही केली सही. तुझी दे, तुझीही धुते.

सून : नको, माझी होतच आली.

सासू : ही काय धुण्याची रीत? नुसती बुचकळतेयस. बटण दाब ना, आत पाणी कसं जाणार?

सून : आत जायलाच नको, आई. तोंडात धरायच्या भागावरचं बटण धुताना दाबलं, की पाणी नळीतून थेट टाकीला जोडायच्या पितळी भागात चढतं. मग आत गंज धरतो आणि एखाद दिवशी खाली गेल्यावर हवा अडकते. म्हणून टाकीची हवा बंद असताना त्या बटणाला हात लावायचा नाही.

सासू : दाबायचंच नाही?

सून : नाही. का हो आई?

सासू : मी दाबलं. चांगलं दहा वेळा दाबलं. नळाखाली धरून, इकडून तिकडे पाणी काढलं. आतून धुतली नाही ती नळी धुतलीच नाही, हेच तीस वर्षं शिकलेय मी.

सून : अरे देवा. चूक माझी आहे. आधीचे दोन्ही दिवस मीच तुमचं धुऊन दिलं, सांगायचं राहूनच गेलं.

सासू : तू शिकवलं नाहीस हे खरं. पण विचारलं मीही नाही.

सून : हळू बोला. असं करू, नळीचा हा सेट मी बाजूला ठेवते, कुणी वापरणार नाही. उद्या तुम्ही दुसरा घ्या. उद्या बोट परत आली की मी सांगते मिस्त्रीकाकांना. तुमची बुडी झालेली असेल तोवर.

सासू : आणि मधल्या वेळात कुणी चुकून उचलला तर?

सून : नाही उचलणार कुणी.

सासू : न उकळलेली कात्री ट्रेमध्ये गेली, की मी भर थिएटरात ओरडायचे. डॉक्टर तोंडाला येईल ते बोलायचे, पण पेशंट धडधाकट घरी जायचा. आता या वयात गप्प बसायला शिकू का?

सून : तुम्हाला उद्या जायचंय ना पण?

सासू : जायचंय गं. लग्नानंतर एवढा जीव कशातच गुंतला नव्हता माझा. रडू येतंय मला, बघू नकोस. मिस्त्री, इकडे या जरा.

मिस्त्री : काय झालं?

सासू : बटण दाबून धुतली मी नळी. आत पाणी गेलंय. वर सहीही ठोकलीय.

मिस्त्री : आणा इकडे. पाना दे गं तो. हं. आहे, चांगलं चमचाभर आहे. सगळा खोलून वाळवायला लागेल. उद्या हा सेट जात नाही.

सून : मिस्त्रीकाका, त्यांनी आपणहून सांगितलं. नाहीतर कळलं असतं का तुम्हाला?

मिस्त्री : पुढच्या मोसमात कळलं असतं. कुणीतरी वीस मीटर खाली असताना.

सासू : तू मध्ये पडू नकोस. नियम तो नियम. उद्या काठावर बसेन, टॉवेल धरून.

मिस्त्री : थांबा ताई. बारा वर्षं झाली मला या खोलीत. बटण दाबलेले तीसेक सेट खोलले असतील मी. एकानंही येऊन सांगितलं नव्हतं. दर वेळी मीच शोधून काढलं, नि दर वेळी काठावर बसवलं. सांगणाऱ्याचं काय करायचं, हे ठरवायची वेळच आली नाही कधी.

सासू : मग आता ठरवा.

मिस्त्री : बोट सकाळी साडेसहाला सुटते. दुसरा सेट काढून ठेवतो तुमच्यासाठी. मागच्या बाकावर बसा, तिथं कमी उसळते.