टेबलावरचा हात

(ताई तिच्या खुर्च्यांच्या वर्कशॉपमधून, धाकटी तिच्या गाड्यांच्या कारखान्यातून, फोनवर.)

ताई : ...थांब, हसून हसून पोटात दुखायला लागलंय. पाणी पिते आणि सांगते.

धाकटी : ताई, माझी जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची असते, त्यातली पाच तू हसण्यात घालवलीस. बाबा वर्कशॉपमध्ये आले की नाही, एवढं सांग.

ताई : आले गं. हात थरथरायला लागल्यापासून आठ महिने ज्यांनी या दाराकडे ढुंकून पाहिलं नाही, ते आज आपल्या पायांनी आले. पण कशाला? भांडायला. यंत्र आणलंस तर पाटीवरून माझं नाव काढ, असं कालच बजावून झालं होतं.

धाकटी : मग?

ताई : मग काय, त्यांच्या डोक्यात तुमच्या कारखान्यातला रोबो. आत आल्या आल्या छताकडेच बघायला लागले. मी टेबलावर बसवलेल्या यंत्राकडे बोट दाखवलं. चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं आणि म्हणतात कसे, हा हात झाला, बाकीचा रोबो कधी येणार?

धाकटी : अगं, आमच्याकडचाही हातच आहे. खांदा, कोपर, मनगट, सगळं तसंच. फक्त तो गाडीचा अख्खा दरवाजा उचलतो, दिवसातून हजारदा, केसाइतकाही फरक न करता. म्हणून तर जमिनीला बोल्ट मारून जाळीत उभा केलाय. जाळीचं दार उघडलं की सगळं बंद. आणि नवं काम शिकवायचं तर आम्ही दोन दोन दिवस आकडे घालत बसतो.

ताई : तेच मी माझ्या भाषेत सांगितलं. म्हटलं, बाबा, तो पैलवान आहे. हा पाच किलोच्या वर काही उचलत नाही, पण याला जाळी लागत नाही आणि हाताला धरून शिकवता येतं. तर म्हणाले, शिकवणार कोण? म्हटलं, मला कुठे तुमच्यासारखा ब्रश चालवता येतो? वाचनालयवाल्या बाईंना चाळीसच्या चाळीस खुर्च्यांना तुमच्याच हाताचं व्हार्निश हवंय, नाहीतर त्या चालल्या दुसरीकडे. झालं. बाह्या सरसावल्या.

धाकटी : थरथरत्या हातांनी?

ताई : थरथरत्या हातांनी. यंत्राच्या पकडीत ब्रश दिला, त्याचं मनगट धरलं आणि एक अख्खी खुर्ची करून दाखवली. ब्रश डब्याच्या काठावर दोनदा टेकवायचा, मग एका दमात लांब ओढायचा, सगळं अगदी पूर्वीसारखं. पाठीच्या तिसऱ्या पट्टीवर होते आणि आली एक माशी, थेट त्यांच्या नाकावर. त्यांनी यंत्राचं मनगट न सोडता, ब्रशसकट त्याच हाताने ती हाकलली.

धाकटी : अगं बाई. आणि ते सगळं त्याच्यात नोंदलं गेलं?

ताई : तुला कळलं, मला कुठे कळलं होतं? दुसरी खुर्ची ठेवली, बटण दाबलं. पाय झाले, बैठक झाली, मी आपली कौतुकाने जवळ जाऊन बघतेय. तिसऱ्या पट्टीवर आला, थांबला, वर झाला आणि सपकन हाकलली की माशी. आता माशी कुठून असणार? तिथे मी होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत व्हार्निश. मग त्याचं कोपर माझ्या खांद्याला लागलं, तसा जागीच थांबला.

धाकटी : आमच्याकडचा असता तर तू आत्ता माझ्याशी बोलत नसतीस. ताई, हसू नकोस, मलाही आवरत नाहीये आणि समोर साहेब बसलेत.

ताई : बाबा हसले गं. भिंतीला धरून हसले. मला तर रडूच आलं, व्हार्निशवरून अश्रूसुद्धा धड ओघळेनात. मग त्यांनी यंत्राने रंगवलेली ती खुर्ची खिडकीकडे वळवली आणि तिरप्या उजेडात वाकून बघत बसले. एकही ओघळ नाही, एकही लाट नाही. अजून तिथून हललेले नाहीत. मला धाकधूक लागलीय. पुन्हा घरी जाऊन कोपऱ्यात बसले तर? थांब, फोन मागतायत. घ्या बाबा.

बाबा : ऐक. मी त्याला धरलं तेव्हा माझे हात कापत होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. मग खुर्चीवर ते का उमटलं नाही?

धाकटी : थरथर बारीक असते बाबा, ती गाळायची सोय त्याच्यात आहे. यंत्र बसवतानाच मी ती चालू करून ठेवली होती. माशीची हालचाल मोठी, ती त्याला कामातलीच वाटली. संध्याकाळी येऊन काढून टाकते.

बाबा : आणि बाकीचं? ब्रशचं वळण?

धाकटी : तुमचं.

बाबा : कुठे रेंगाळायचं, कुठे सुटायचं, ते?

धाकटी : तेही तुमचंच. त्याचं स्वतःचं काहीही नाही.

बाबा : हं. मग माशी राहू दे.

धाकटी : अहो बाबा, अजून अडतीस खुर्च्या आहेत, दर वेळी ताईचं तोंड—

बाबा : ती लांब उभी राहील. माशी काढायला जाशील आणि तिच्याबरोबर आणखी काही निघेल. शिवाय हात असलेल्या खुर्च्यांना ब्रश वेगळा फिरवावा लागतो, ते त्याला अजून ठाऊक नाही.

धाकटी : मग ते कोण दाखवणार?

बाबा : उद्या सकाळी आठला येतोय मी. तोवर माझ्या ब्रशला कोणी हात लावायचा नाही.